अंगी लागलेली एकच जागा

वडिलांचं दुकान सरकीच्या ढेपेचं होतं. चांदूर रेल्वेच्या स्टेशनाकडून गावात शिरताना डाव्या हाताला पत्र्याची एक लांबोळकी खोली, तिच्यात छताला टेकलेल्या पोत्यांच्या थप्प्या, आणि थप्प्यांच्या मागे आमचं घर. सरकीतलं तेल काढून घेतल्यावर उरते ती ढेप. पण तिच्या वासात उरलेपण कधीच नव्हतं. त्यात थोडं तेल होतं, थोडं ऊन होतं आणि एक मंद खवटपणा होता, जो आमच्या वह्यांना, केसांना, पांघरुणांना कायमचा बिलगून राही. म्हशीवाले सकाळीच येत. पोत्यात हात घालत, ढेपेचा तुकडा बोटांत चुरडून नाकाशी नेत आणि विचारत, "अंगी लागते ना, भाऊ?"

"लागते म्हंजे? म्हशीची हाडं दिसली त पोतं वापस आणजा," वडील म्हणत.

खाल्लेलं अंगी लागणं ही गोष्ट मी अशी दुकानात शिकले. घातलेला चारा आणि म्हशीच्या पाठीवर चढणारी तकाकी यांच्यामध्ये काहीतरी घडतं, आणि ते आपोआप घडतं, असं मी धरून चालले होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगी काहीच लागेनासं झालं, तेव्हा ती सातवीत होती.

ती खात नव्हती असं नाही. ती माझ्या ताटातली भाकरी खायची, आईच्या ताटातली खायची, आणि चुलीजवळ पुन्हा येऊन उभी राहायची. माठातलं पाणी तिला पुरत नसे. तरी तिच्या फ्रॉकच्या बाह्या दर आठवड्याला सैल होत गेल्या. खांद्याची हाडं आधी सावलीसारखी दिसली, मग खुंटीसारखी. रात्री आम्ही एका गोधडीत झोपायचो. तिचा गुडघा मला लागला की लाकूड लागल्यासारखं वाटे. आणि तिच्या श्वासाला वास येऊ लागला. गोड, जरा झोंबणारा, उतरलेल्या फळासारखा.

मागच्या गल्लीत संत्र्याच्या पेट्या भरायचं काम चालायचं. डागी, सडकी फळं तिथेच भिंतीशी टाकून देत आणि ती उन्हात आंबत पडत. आईनं दोन आणि दोन जुळवले.

"खरं सांग, तिथली संत्री खातं ना तू?"

"नाई वो माय."

"तोंड उघड. हे काय मंग? वास येऊन राह्यला ना!"

"मले काय मालूम? माह्या तोंडाले माहाच वास येऊन राह्यला."

आईनं तिला दोन चापटा मारल्या आणि मागच्या दारानं जायची बंदी केली. कुठल्या दुसऱ्या गावी असतो तर आईला कदाचित फळ सुचलं नसतं. पण आमच्याकडे मोसमभर हवाच आंबट-गोड असते, आणि पोरीच्या तोंडाला फळाचा वास यावा यात नवल काय होतं? नवल नव्हतं म्हणूनच ते आम्हाला दिसलं नाही. पुढच्या सोमवारी ती शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली. श्वास धाप लागल्यासारखा खोल चालला होता, डोळे उघडे होते आणि त्यांत आम्ही कोणीच नव्हतो. जीपनं अमरावतीला नेलं.

तिथले डॉक्टर वयस्क होते. वडील काय धंदा करतात हे त्यांनी आधी विचारून घेतलं, आणि मग त्यांच्याच भाषेत समजावलं. शरीरात चरबीच्या पेशी म्हणजे कोठारं आहेत, ते म्हणाले. इन्सुलिन त्या कोठारांपाशी जातं आणि दोन गोष्टी सांगतं. रक्तातून आलेला माल आत घ्या, ही एक. आतला माल बाहेर सोडू नका, ही दुसरी. लोकांना पहिलीच माहीत असते, पण दुसरी जास्त मोठी. या मुलीच्या शरीरात आता इन्सुलिन तयार होत नाही. त्यामुळे आत घ्या म्हणणारं कोणी नाही, तसंच सोडू नका म्हणणारंही कोणी नाही. कोठारांची दारं सताड उघडी पडली आहेत. चरबी वितळून रक्तात वाहते आहे, लिव्हर ती जमेल तशी जाळतं आहे, आणि तोंडाला येतो तो वास त्या जळण्याचा आहे.

"म्हणजे फळाचा नाही?" आईनं विचारलं.

"नाही. तिचा स्वतःचा."

आई तिथेच बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. पोरीला मारलेल्या चापटा तिला आठवल्या असाव्यात.

मग सुया सुरू झाल्या, आणि जे आपोआप घडतं असं मी समजत होते ते मला डोळ्यांनी बघायला मिळालं. काही आठवड्यांत खांद्याच्या खुंट्या मांसाखाली गेल्या. गालाला गोलाई आली. एका सकाळी वेणी घालताना आईनं हाताच्या पाठीनं तिच्या गालाला स्पर्श केला, जशी ती भाकरी झाली का ते पाहायची तशी, आणि म्हणाली, "लागून राह्यलं आता अंगी." त्या औषधाबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते कवितेबद्दलही नंतर फार थोड्या वेळा वाटलं: काहीतरी पारदर्शक, पाण्यासारखं, एका थेंबात आत जातं आणि विखुरणारं सगळं थांबवून धरतं.

बाटली आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचो. सुई रोज एकाच ठिकाणी टोचायची नाही, जागा बदलत राहायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बहिणीनं त्याचा खेळ केला. उजवा दंड, डावा दंड, दोन्ही मांड्या, पोटाच्या दोन बाजू ही तिची वावरं. सकाळी बाही वर सरकवत ती मला विचारायची, "सांग बाई, आज कोन्या वावरात पेरतं?" आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. मी म्हणायचे, "खालच्या." ती म्हणायची, "तिथं कालच पेरलं ना, पडीत ठेव त्याले." आणि हसत हसत सुई टोचून घ्यायची.

मी अमरावतीला शिकायला गेले, कवितेत एम. ए. केलं आणि तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. त्याच वर्षांत कपाशीचं सगळं बिघडत गेलं. कोणाच्या घरी काय झालं हे आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी दुकानात कळे, कारण ढेप नेणारा माणूस एके दिवशी येईनासा व्हायचा आणि मग त्याची म्हैस बाजारात दिसायची. म्हशी गेल्या तशी ढेप गेली. वडील रिकाम्या दुकानात पोत्यावर बसून राहत. एका उन्हाळ्यात ते गेले. दुकान दुसऱ्याकडे गेलं, आई माझ्या भाड्याच्या खोलीत आली, आणि बहिणीचं लग्न व्हायला हवं असं सगळे एकदम म्हणू लागले.

स्थळ अकोला जिल्ह्यातलं होतं, बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यातलं. मुलगा शांत होता. त्याला आम्ही सगळं सांगितलं. त्यानं बराच वेळ मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "मले चालते. पन माह्या मायले सांगू नका. तिले नाई समजनार." ही त्याची एकच अट होती, आणि ती प्रेमातूनच आली होती असं मी आजही मानते.

ते घर म्हणजे एक लांब खोली, मध्ये धान्याच्या कोठ्या, पलीकडे चूल. आत कुठेही दार नव्हतं. नवी सून पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ करायची. ओलेती, घाईनं नेसलेली, ती कोठ्यांमागे जायची. बाटली तिथेही माठाखालच्या वाळूत होती, कारण माठ भरण्याचं काम सुनेचं आणि त्या वाळूला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. लुगडं सोडता येत नव्हतं, पोलक्याची बाही वर सरकत नव्हती, मांडी उघडी करणं तर शक्यच नव्हतं. नेसलेल्या निऱ्यांच्या जरा वर, पोटाच्या डाव्या बाजूला, उजव्या हाताला न बघता सापडेल अशी एकच जागा होती. सकाळ-संध्याकाळ ती तिथेच टोचत राहिली. एवढ्या वावरांतलं तिच्याकडे एक उरलं.

सासू वाईट नव्हती. वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती. ती काळी, उंच, मोठ्या आवाजाची बाई होती आणि सून वाळत चालली आहे हे तिला सहन होत नव्हतं. शेजारणी तिला तोंडावर म्हणत, "काहून वो, सुनेले खायला देतं का नाई?" ते तिला इतकं लागलं की ती स्वतःच्या ताटातलं लोणी सुनेच्या भाकरीवर ठेवू लागली. डिंकाचे लाडू केले. गूळ-तूप, ज्वारीच्या कण्या, दुधावरची साय. मी एकदा गेले होते तेव्हा ती माझ्यासमोरच तिला भरवत होती.

"खाय वो पोरी. कोनाच्या बापाचं नाई, आपलं हाये."

"झालं ना आत्याबाई, पोट फुटंन."

"फुटू दे. फुटलं त दिसन तरी का काही गेलं पोटात." मग माझ्याकडे वळून, "सांगा मास्तरीनबाई, माह्या हातालेच यश नाई का? म्हशी जगवल्या म्या, वासरं जगवली. हे एक पोट्टी भरून नाई राह्यली."

बहीण हसली आणि लाडू संपवला. मग ती कोठ्यांमागे गेली, नेहमीपेक्षा जरा जास्त औषध भरून घेतलं असावं. आल्यावर ती तशीच होती, ओठ कोरडे, डोळे मोठे. कपाशीनं लागोपाठ पाठ फिरवली तेव्हा नवरा पुण्याकडे एका गोदामावर राखणीला गेला होता. त्या घरात तिचं गुपित जाणणारं आता ती सोडून कोणी नव्हतं.

दिवाळीला ती आमच्याकडे आली. पहाटे आई म्हणाली, माझे हात दुखतात, तू लाव तिला तेल. पाटावर ती पाठमोरी बसली आणि मी कोमट तेल तिच्या पाठीवर ओतलं. माझा हात मणक्यावरून उतरताना एकेक मणी मोजल्यासारखा अडखळत होता. बरगड्यांच्या फटींत तेल साचत होतं. सगळं अंग कोरडं, खरबरीत, थंड. मी पुढे येऊन पोटाला तेल लावलं, आणि डाव्या बाजूला माझा हात एकदम थांबला. तिथे काहीतरी मऊ होतं. सोललेल्या संत्र्याएवढं, गुळगुळीत, गरम, गुबगुबीत. त्या वाळलेल्या देहावर ते दुसऱ्या कोणाचं तरी असावं तसं वाटत होतं, एखाद्या गुटगुटीत बाळाचं.

"काय आहे गं हे?"

"ते माहं वावर हाये," ती म्हणाली. "तेवढंच पिकते यंदा."

मी दाबून पाहिलं. "दुखतं?"

"काहीच नाई. तिथं सुई टोचलेली समजत बी नाई. म्हनून त बरं हाये ना."

आई न्हाणीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं त्या वर्षी पणत्या लावल्या नाहीत.

भाऊबीज झाल्यावर मी तिला अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ती गाठ बोटांनी हळूच चाचपली आणि म्हणाल्या, घाबरू नका, ही दुखण्याची गाठ नाही, ही नुसती चरबी आहे. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मला अमरावतीचा तो बाक आठवला. इन्सुलिन चरबीच्या पेशींना आत घ्या आणि सोडू नका असं सांगतं. ते रक्तातून जातं तेव्हा सगळ्या शरीराला थोडं थोडं सांगतं. पण रोज एकाच ठिकाणी टोचलं की तिथल्या पेशींच्या कानाशी ते सतत तेच ओरडत राहतं. त्या पेशी ऐकतात. भरत जातात, फुगत जातात. त्यांच्यात रक्त कमी खेळतं, मज्जातंतू बोथट होतात, म्हणून सुई कळत नाही, आणि औषध तिथेच अडकून बसतं. कधी उशिरा बाहेर येतं, कधी फारसं येतच नाही. एक जागा तुडुंब भरते आणि बाकीचं शरीर निरोपाची वाट पाहत रिकामं होत जातं.

"म्हंजे माहा माल सारा दारातच अडकला," बहीण म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी जागा बदलायला सांगितलं, मांडीवर, दंडावर, उजवीकडे. तिथे औषध पूर्ण लागू पडेल म्हणून मात्रा बरीच कमी करून दिली. आणि दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या: उपाशी राहायचं नाही, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवायचं, की ही थरथरायला लागली, घामाघूम झाली, असंबद्ध बोलायला लागली, तर ताबडतोब हिच्या तोंडात साखर घाला.

"सांगशील ना?" अकोल्याच्या बसस्टँडवर मी विचारलं.

"सांगते ना, बाई. आधी जाऊ त दे." बस सुटताना तिनं खिडकीतून हात हलवला. त्या हातात बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे वेचणी दिवाळीनंतर सुरू झाली. पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. कपाशीच्या ओळीत खडे मांडून त्यांना हळद-कुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तो चारी दिशांना शिंपडून मगच बोंडाला हात लावतात. पूजा घरच्या सुनेनं करायची आणि ती होईपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं नाही. पुढचं मला सासूनं सांगितलं. मी महिन्याभरानं गेले तेव्हा ती ओसरीतच माझी वाट अडवून उभी होती आणि तिचे डोळे चमकत होते.

"मास्तरीनबाई, तुमची बहीन साधी नाई. म्या लय बोलली तिले, माह्या जिभेले काटे टोचा. पूजा मांडली तिनं, हात जोडले, अन् थरथर कापाले लागली. घाम असा, का लुगडं ओलं. डोये वर. बोलून राह्यली, पन ते तिचं बोलनं नाई. आमी साऱ्या बाया पायावर. मंग म्हतारी मावशी म्हने, देवी नैवेद्य मांगून राह्यली. तिनं दहीभाताचा घास केला, साखर होती न त्यात, अन् घातला तिच्या तोंडात. एक घास, दोन घास. अन् देवी शांत! शांत म्हंजे, डोये उघडले अन् मले म्हने, आत्याबाई, मी कुटी हाये? नैवेद्य भेटला अन् गेली देवी."

मी बहिणीकडे पाहिलं. ती चुलीपाशी बसून लाकडं सारत होती. नव्या जागी टोचलेल्या औषधानं, कित्येक महिन्यांनी, आपलं काम चोख केलं होतं. रिकाम्या पोटी साखर खाली ओढली होती. आणि जे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते त्या म्हाताऱ्या मावशीनं देवीच्या नावानं बिनचूक केलं होतं.

मी तिथेच ओसरीत सगळं सांगितलं. सातवीपासूनचं. मला वाटलं होतं सासू संतापेल. ती मोठ्यानं हसली.

"साखरंची बिमारी? हिले? काहीबी सांगता बापा तुमी. ते शहरातल्या जाड्या-जाड्या लोकाइले होते. पोट सुटलेल्या शेठाइले. हे त पऱ्हाटीची काडी हाये! काय वो पोरी, तुले साखर हाये?"

बहिणीनं लाकूड पुढे ढकललं. ठिणग्या उडाल्या. "बाई उगाच घाबरते, आत्याबाई," ती म्हणाली. "तिले शिकल्यापासून साऱ्याचीच काळजी वाटते."

दुपारी मी तिला वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला गाठलं. बोंडं फुटली होती. त्या पांढऱ्याकडे उन्हात बघवत नव्हतं. मी पुष्कळ बोलले. ती ओंजळीतल्या कापसातून सरकी वेगळी करत राहिली, एकेक, नखानं. मग म्हणाली, "मंगळवारी बाया येतात माह्याकडे. तू पाह्यलं नाई. एक म्हंते, माहा मानूस बोलत नाई कोनाशी. एक म्हंते, तो फवारनीचा डबा उशापाशी घेऊन झोपते. मी डोये मिटते अन् सांगते, त्याले एकटं सोडू नको, तो डबा मले आनून दे. अन् आनून देतात, बाई! कोठ्यामागं तीन डबे ठेवले म्या. मी सांगतलं असतं त आनले असते का? ते देवीनं सांगतलं म्हनून आनले. आता जाऊन सांगू त्याइले, का ते इंजेक्शन होतं?"

"पण तू?"

"मी काय? तुह्याकडे येऊन काय करू? तुही एक खोली, अन् त्यात माय." तिनं सरकीचा दाणा दातांत फोडला, आतला हिरवट गर मला दाखवला आणि टाकून दिला. "अन् त्या दिवशी मी कोन हाये हेच समजत नवतं मले. तसं पुन्हा नाई करनार. जुनी जागाच बरी. तिथं कापरं नाई भरत."

तिनं डबे मागून घेतलेल्या त्या तीन घरांत त्या हंगामात कोणी गेलं नाही, हे खरं आहे. आणि ती डाव्या बाजूच्या त्या मऊ जागेकडे परत गेली, हेही.

मी पुण्याला तिच्या नवऱ्याला फोन केला. तो गोदामाच्या फाटकावरून बोलत होता, मागे ट्रकचे आवाज येत होते. तो म्हणाला, येतो, सांगतो मायले. आला तेव्हा ओसरीत बाया बसल्या होत्या आणि त्याची आई त्यांना पाणी देत होती, इतकं आनंदी त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. तो काही न सांगता परत गेला.

देवी अंगात येते म्हटल्यावर नेम लागले. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, सगळे उपास. उपासाच्या दिवशी तिला कापऱ्याची भीती वाटे, म्हणून त्या दिवशी ती औषध घेतच नसे. बाकीच्या दिवशी घेई ते त्या गाठीत जिरून राही. उन्हाळा आला. त्या वर्षी अकोल्याला झाडांची सावलीसुद्धा भाजत होती. मी चैत्रात गेले तेव्हा तिच्या पुढ्यात बाया बसल्या होत्या, आणि ओसरीत शिरताच वास आला. तोच वास. गोड, झोंबणारा, भिंतीशी टाकलेल्या संत्र्यांचा. आमच्या गोधडीतला.

"येते ना वास?" सासू माझ्या कानाशी पुटपुटली. "उपासाच्या दिवशी येते. फुलावानी. देवी आली का येते. साऱ्या बाया म्हंतात."

मी तिला सांगितलं की हा जळण्याचा वास आहे, हिच्या अंगातलं सगळं वितळून जळतं आहे. तिनं कानांवर हात ठेवले आणि उदबत्ती विझवली, तो वास चांगला यावा म्हणून. त्या दिवशी मी बहिणीला हात धरून उठवायचा प्रयत्न केला. तिचा हात इतका हलका होता की माझी पकडच चुकली. बाया उठून मध्ये आल्या, मारायला नव्हे, हात जोडून. तिच्या डोळ्यांत मी होते, यावेळी होते. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

वैशाखात तिला ताप आला. साधा ताप, सगळ्या गावाला आला होता तसा. जीपनं अकोल्याला आणलं तेव्हा श्वास धाप लागल्यासारखा खोल चालला होता. मी अमरावतीहून पोचले तोवर तो थांबला होता.

सवाष्ण होती, म्हणून हळद लावून न्हाऊ घातली. सासूनं कोणाला पुढे येऊ दिलं नाही, फक्त मला. ती एका बाजूनं पाणी घालत होती, मी दुसऱ्या बाजूनं हळद लावत होते. हाडांवरून हळद ओघळत होती, कुठे थांबतच नव्हती. मग सासूचा हात डाव्या बाजूला गेला आणि थांबला, जसा माझा थांबला होता. तिनं तळहात तिथे तसाच ठेवला. बोटांनी हळूच दाबलं. त्या पेशींना कोणी सोडा म्हणून सांगितलं नव्हतं. त्या भरलेल्याच होत्या, मऊ, गुबगुबीत, आज्ञेत.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या त्या काळ्या, थोराड चेहऱ्यावर मला कृतज्ञतेसारखं काहीतरी दिसलं.

"पाहा ना, बाई," ती म्हणाली. "एवढं त लागलं होतं अंगी. माह्या हातचं."

मी हळदीची वाटी उचलली आणि राहिलेली हळद त्या जागेवर लावली.